पॉवर टिलर: चार कामांचा एक गडी

अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या पशुपालन शेतांवर शेजारी-शेजारी दोघे बसतील अशी एक छोटी चारचाकी असते. कुंपण पाहायला, चारा टाकायला, औजारे न्यायला दिवसभर तीच धावते. आपल्या घोटी परिसरात असे रोजच्या कामाचे यंत्र कोणते, असे विचारले तर उत्तर एकच: पॉवर टिलर. जपानच्या लहान भातखाचरांत वाढलेले हे यंत्र १९६० च्या दशकात भारतात आले. आज टाकेदपासून वैतरणेपर्यंत जूनच्या अखेरीस त्याचा आवाज ऐकू येतो. अनेक आदिवासी कुटुंबे टिलर घेण्याचा विचार करीत आहेत. म्हणून तो काय करतो, काय करत नाही आणि घेण्याआधी कोणता हिशोब मांडावा, हे या लेखात पाहू.

आपल्या खाचरांना तो का जमतो?

इगतपुरी तालुक्यात पाऊस भरपूर आणि खाचरे लहान, एकाखाली एक उतरत गेलेली. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही. बांध मात्र फोडतो. टिलर चार-पाचशे किलोंचा, दोन चाकांचा, मागून हातांनी धरून चालवायचा. तो अरुंद वाटेने खाचरात उतरतो.

श्रमाचा फरक साध्या गणिताने कळतो. नांगराचे तास साधारण १५ सेंटीमीटर रुंद. एक एकर नांगरायचे तर बैलांमागे सुमारे २७ किलोमीटर चालावे लागते. टिलरच्या रोटरची रुंदी सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणून तेच अंतर सात किलोमीटरच्या आत येते. पाऊस पडला, राबातले रोप तयार झाले, पण दुसऱ्याचे औत मिळेना म्हणून आवण लांबली, ही अडचण आपल्याकडे दरवर्षीची. चिखलणी वेळेवर झाली तर आवण वेळेवर होते.

वर्षभराची कामे

उन्हाळ्यात ट्रॉली जोडून शेणखत शेतावर नेता येते. पावसाळ्यात लोखंडी चाके लावून चिखलणी होते. भात झोडून झाल्यावर पोती घोटीच्या भात गिरणीपर्यंत आणता येतात. इंजिनाला पट्टा लावून पाण्याचा पंप किंवा मळणी यंत्रही चालते. डिझेल ताशी साधारण एक ते दीड लिटर लागते.

पण सगळे काम त्याच्यावर सोडू नये. नागली-वरईच्या डोंगरउतारावर रोटर फिरवला तर माती भुसभुशीत होते आणि पहिल्याच जोरदार पावसात खाली वाहून जाते. तिथे बैलांचा हलका नांगरच बरा. शिवाय बैल गेले की शेणखतही गेले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: टिलरने नांगरणाऱ्याचे श्रम वाचतात, पण कमरेत वाकून आवण आणि निंदणी करणाऱ्या बायांचे काम तेवढेच राहते. वाचलेला वेळ त्यांच्या मदतीला लागला तरच घराचा भार खरा हलका होतो.

एकट्याने घ्यावा की मिळून?

समजा, टिलर आणि जोडऔजारे मिळून दोन लाख रुपये लागले आणि यंत्र दहा वर्षे चालले. म्हणजे दरवर्षी २० हजार रुपये झिजले. एक एकराच्या चिखलणीला दोन-तीन पाळ्या धरल्या तर वर्षाला दहा-बारा तासांचे काम. दहा तासांचे काम धरले तर डिझेल सोडून तासाला २,००० रुपये पडतात! तोच टिलर आठ-दहा घरांनी मिळून, ट्रॉलीच्या कामासह, २०० तास चालवला तर तासाला १०० रुपये पडतात. एकट्याच्या दारात तो कर्ज होतो, बचत गटाच्या दारात तो आधार होतो.

गटाने घेताना चार गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात: चालवणार कोण, पाळी कोणाची केव्हा, तासाला किती रुपये आणि दुरुस्तीसाठी त्यातले किती बाजूला. आवणीच्या दिवसांत सगळ्यांनाच घाई असते, म्हणून पाळी मे महिन्यातच ठरवावी. विधवा बाईचे किंवा म्हाताऱ्यांचे खाचर शेवटी राहणार नाही, हेही तेव्हाच ठरवावे.

अनुदान

कृषी यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जमातीच्या तसेच अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते आणि विक्रेत्याचे दरपत्रक तयार ठेवावे. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेऊ नये. घेतले तर अनुदान मिळत नाही. अनुदान खरेदीनंतर खात्यावर येते. तोवरची पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. ती सावकाराकडून काढली तर अनुदान व्याजातच जाईल. आधी गटाची बचत आणि बँक पाहावी. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटून यंदाचे नियम विचारून घ्यावेत.

जिवाची काळजी

टिलरची सर्वांत मोठी चूक उतारावर होते. सपाटीला डावा वळण-क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. पण तीव्र उतारावर, मागून ट्रॉलीचा रेटा असताना, डावा क्लच दाबला की डावे चाक मोकळे सुटून पुढे पळते, उजवे इंजिनाने रोखलेले राहते आणि टिलर उजवीकडे वळतो! डोंगररस्त्यावर हे माहीत नसेल तर यंत्र माणसासह दरीत जाऊ शकते. म्हणून उतरण्याआधीच हलका गिअर टाकावा, वळण-क्लचला हात न लावता दांड्यानेच हळू वळवावे आणि गिअर मोकळा कधीही करू नये.

बाकीचे नियम थोडे आहेत, पण मोडू नयेत:

- रोटर फिरत असताना टिलर मागे घेऊ नये. पाय सापडतो.
- पात्यात अडकलेले गवत इंजिन बंद करूनच काढावे.
- धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला गमछा पट्ट्यापासून दूर ठेवावा.
- ट्रॉलीत माणसे, विशेषतः मुले, बसवू नयेत.
- बंद खोलीत इंजिन चालवू नये. धूर जीव घेतो.
- दारू प्यायलेल्याच्या हाती किल्ली देऊ नये, मग तो गटाचा अध्यक्ष का असेना.

निगा

रोज काम संपले की चिखल धुवावा, ऑइल आणि हवेची जाळी पाहावी. रोटरच्या ऑइल सीलमध्ये गवत किंवा दोरा गुंडाळला तर आत चिखल शिरतो आणि गिअरपेटी खराब होते. पाच मिनिटांची पाहणी मोठा खर्च वाचवते. हंगाम संपल्यावर यंत्र कोरड्या जागी, झाकून ठेवावे.

घेण्याआधी शेजारच्या गावातला टिलर एक दिवस भाड्याने आणून आपल्याच खाचरात चालवून पाहावा. गटातल्या किमान दोघांनी, जमल्यास त्यात एका बाईने, तो चालवायला शिकावे. मगच बचतीच्या पैशाला हात लावावा.