संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पानगळ

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पानगळ ही मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या वनक्षेत्रात दरवर्षी साधारणतः डिसेंबर ते एप्रिल या काळात घडणारी नैसर्गिक घटना आहे. अमेरिका, युरोप, जपान इत्यादी प्रदेशांतील समशीतोष्ण वनांत पाने रंगण्याचा काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो. बोरिवलीच्या वनात मात्र त्या महिन्यांत बहुतेक झाडे पूर्ण हिरवी असतात. येथील रंगांचा खरा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि त्यातील सर्वांत गडद तांबडा रंग गळणाऱ्या पानांऐवजी नव्या पालवीचा असतो.

ऋतूंच्या नावांचा घोटाळा

भारतीय कालगणनेत आश्विन व कार्तिक हे महिने शरद ऋतूचे आणि माघ व फाल्गुन हे शिशिराचे मानले जातात. पानगळीचा संबंध मराठीत पूर्वीपासून शिशिराशी जोडलेला आहे व तो येथील वनांच्या बाबतीत अचूकही आहे. पाश्चात्त्य देशांतील पानगळीच्या ऋतूला भाषांतरात सरसकट 'शरद' म्हटले जाते, त्यामुळे शरदातच पाने रंगतात असा समज होतो. काश्मीरमध्ये तो बऱ्याच अंशी खरा आहे. तेथील दाचीगाम राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात चिनार वृक्षांची पाने ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पिवळी, केशरी व तांबडी होतात. मुंबईत त्याच सुमारास पावसाळा नुकताच संपलेला असतो.

कारणे

थंड प्रदेशांत दिवस लहान होणे व तापमान उतरणे या संकेतांनी झाड पानांतील हरितद्रव्याचे विघटन करू लागते. हरितद्रव्य ओसरल्यावर आधीपासून पानात असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. काही जातींत त्याच वेळी अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य नव्याने तयार होते.

मुंबईतील हिवाळा झाडांना थांबवण्याइतका थंड नसतो. येथे निर्णायक ठरते ते पाणी. वर्षभरातील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यानंतर जमिनीतील ओल सतत घटत जाते. पानांतून होणारे बाष्पीभवन टाळण्यासाठी झाडे पाने टाकतात. म्हणून मुरमाड उतारांवरची झाडे लवकर उघडी पडतात, तर ओढ्याकाठची त्याच जातीची झाडे कित्येक आठवडे हिरवी राहतात. पावसाळा लांबला की पानगळही मागे सरकते. या कारणाने नेमकी तारीख सांगता येत नाही.

विशेष म्हणजे अनेक झाडे पावसाची वाट न पाहता ऐन कोरड्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, नवी पाने काढतात. मुळांनी खोलवरून ओढलेले व खोडात साठलेले पाणी त्यांना यासाठी उपयोगी पडते. वाढणारा दिवस हा पालवी फुटण्याचा एक संकेत मानला जातो. कोवळ्या पानांत हरितद्रव्य उशिरा भरते. तोवर अँथोसायनिनमुळे ती तांबूस दिसतात. हे द्रव्य नाजूक पेशींना प्रखर उन्हापासून वाचवते असे एक स्पष्टीकरण आहे, तर पाने खाणाऱ्या किड्यांना ती कमी आकर्षक वाटतात असे दुसरे.

वृक्ष आणि त्यांचा काळ

काटेसावर सर्वांत आधी उघडी पडते व जानेवारी ते मार्च दरम्यान पर्णहीन फांद्यांवर मोठी लाल फुले येतात. पळस व पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. दुरून हा फुलोरा रंगलेल्या पानांसारखाच भासतो. सागाची रुंद पाने तपकिरी होऊन गळतात. त्यांत रंगाची शोभा फारशी नसली तरी वाळलेल्या सागपानांवरून साधा सरडा धावला तरी मोठे जनावर गेल्यासारखा आवाज होतो. कांडोळ हा वृक्ष मात्र पाने गेल्यावरच नीट दिसतो: त्याचे गुळगुळीत, पांढुरके खोड खडकाळ उतारावर लांबूनही ओळखू येते.

पाहण्यासारखा खरा वृक्ष कोशिंब, म्हणजेच कुसुंब. मार्चच्या सुमारास त्याला फुटणारी पालवी लालभडक असते आणि संपूर्ण झाड पेटल्यासारखे दिसते. काही आठवड्यांतच ती पोपटी व पुढे हिरवी होते, त्यामुळे हा देखावा चुकणे सोपे असते. मोह, आंबा व पिंपळ यांची पालवी तांबूस किंवा गुलाबी छटेची असते. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या घोसांनी भरतो.

शरदातच रंग पाहायचा असल्यास कारवी हे झुडूप लक्षात ठेवावे. ते साधारण आठ वर्षांनी एकदाच सामुदायिकपणे फुलते आणि बी धरल्यावर मरून जाते. उद्यानात असा बहर २०१६ व २०२४ मध्ये आला होता.

पाहण्याची ठिकाणे

बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता मिश्र पानझडी वनातून जातो. लेण्यांच्या माथ्यावरील खडकांवरून वनाचे छत वरून पाहता येते: दऱ्यांत हिरवे पट्टे, उतारांवर करडी झाडी आणि मध्येच एखाद्या कोशिंबाचा लाल ठिपका. ठाण्याच्या बाजूने येऊरच्या टेकड्यांतही हेच वृक्ष आढळतात. आतील काही पायवाटांवर वनविभागाच्या परवानगीनेच जाता येते. उद्यान सोमवारी बंद असते. जुहूकडून येणाऱ्यांना अंधेरी पूर्वेतील गुंदवली स्थानकातून मेट्रोने 'राष्ट्रीय उद्यान' स्थानकापर्यंत जाता येते. सकाळची वेळ बरी. मार्चमध्ये दहानंतर सावलीच उरत नाही.

रस्त्यांवरील झाडे

जुहू, विलेपार्ले व अंधेरी भागांत पानगळ पाहण्यासाठी वनात जाण्याचीही गरज नाही. इमारतींच्या आवारांतील देशी बदामाची मोठी पाने हिवाळ्याच्या शेवटी शेंदरी व लाल होऊन गळतात. गळणाऱ्या पानांचा असा ठसठशीत रंग मुंबईत क्वचितच दुसरीकडे दिसतो. ताम्हणाची पानेही गळण्यापूर्वी तांबूस होतात.

मार्चमधील निष्पर्ण गुलमोहर किंवा सावर वाळलेली समजून तोडण्याची मागणी होऊ शकते. अशा वेळी बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर असल्यास ती फांदी जिवंत असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते.

पालापाचोळा आणि वणवे

गळलेली पाने कुजून मातीत मिसळतात व पहिल्या पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाण्याआधी अडवतात. मुंबईला पाणी पुरवणारे विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव याच वनक्षेत्रात असल्याने या थराचे महत्त्व केवळ वनापुरते राहत नाही. मात्र हाच कोरडा थर फेब्रुवारी ते मे या काळात सहज पेट घेतो. बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. विझवता न विझवता टाकलेली विडी किंवा सहलीतली चूल त्यास पुरते. जमिनीलगतच्या आगीत मोठे वृक्ष बहुधा तगतात, परंतु त्यांच्याखाली उगवलेली रोपे नष्ट होतात. यासाठी वनविभाग उन्हाळ्यापूर्वी गवत व पाला हटवून जाळरेषा तयार करतो.