चिरुटाच्या पेटीची गिटार

तार छेडली की आवाज होतो, असे आपण वर्गात सहज सांगतो. ते पुरते खरे नाही. एका जड फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये पोलादी तार ताणावी आणि छेडावी. तारेचा कंप डोळ्यांना दिसतो. आवाज मात्र मागच्या बाकापर्यंतही पोचत नाही. मग तशाच तारांची गिटार खोलीभर कशी ऐकू येते? याचे उत्तर एक साधे वाद्य बनवता बनवता मिळते.

हे वाद्य मूळचे अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकात तेथे सिगार, म्हणजे चिरूट, पातळ लाकडाच्या लहान पेट्यांतून विकले जात. पेटी रिकामी झाली की तिला दांडा जोडून, तार लावून घरगुती वाद्य तयार होई. एडविन फोर्ब्स या चित्रकाराने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकन यादवी युद्धावरील चित्रांत असे वाद्य वाजवणारा सैनिक दिसतो. पुढे ‘ब्लूज’ संगीतातील कित्येक गरीब वादकांची सुरुवात अशाच वाद्यावर झाली. लाइटनिन हॉपकिन्स (१९१२–१९८२) यांनी आपली पहिली गिटार चिरुटाच्या पेटीचीच होती असे सांगितले आहे. आपल्याकडचे तुणतुणे याच कुळातले: एक तार, एक दांडी आणि कातड्याने मढवलेला पोकळ गोल.

पेटी काय करते?

तार बारीक असते. ती पुढे सरकते तेव्हा समोरची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूने मागे निसटते. म्हणून तारेजवळ ऊर्जा असूनही ती हवेला देता येत नाही. तारेखालची घोडी हा कंप पेटीच्या झाकणाला देते. झाकणाचा पृष्ठभाग तारेच्या शेकडो पट मोठा असल्याने तो पुष्कळ हवा एकदम हलवतो.

पेटी नवी ऊर्जा निर्माण करत नाही, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. नादकाटा हातात धरून वाजवावा व तो किती वेळ ऐकू येतो ते मोजावे. मग त्याचा दांडा टेबलावर टेकवून पुन्हा मोजावे. आवाज मोठा होतो, पण लवकर विरतो. साठा तेवढाच, खर्च जलद.

बांधणी

चिरुटाची पेटी मिळाली नाही तर सुमारे २५ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर खोल अशी पातळ प्लायवुडची पेटी सुताराकडून करून घ्यावी. दांड्यासाठी ९० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड अशी सरळ रेषांची सागवानी पट्टी घ्यावी. दांडा पेटीला नुसता चिकटवू नये. तो पेटीच्या एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढावा. तीन तारांचा एकूण ताण सुमारे २० किलो वजन टांगल्याइतका असतो. तो दांड्याने पेलायचा, पेटीने नाही. झाकणाखाली येणारा दांड्याचा भाग तीन-चार मिलिमीटर तासून घ्यावा, म्हणजे झाकण मोकळेपणी कंप पावेल.

खुंट्या वाद्यांच्या दुकानात मिळतात. घोडी म्हणून झाकणावर एक जाड बोल्ट आडवा ठेवला तरी चालतो. खुंट्यांकडच्या टोकाला तसाच दुसरा आधार द्यावा आणि दोहोंमध्ये बरोबर ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. गिटारच्या संचातील ए, डी आणि जी या तारा घेऊन त्या अनुक्रमे ९८, १४७ आणि १९६ हर्ट्झला लावाव्यात. या संख्यांचे गुणोत्तर २ : ३ : ४ आहे. कानाला ते सा, प, सां असे ओळखीचे वाटेल.

स्वरांच्या जागा

सप्तकात बारा समान पायऱ्या धरल्या तर प्रत्येक पायरीवर तारेची लांबी १.०५९५ ने भागावी लागते. ६० सेंटिमीटर तारेसाठी खुंट्यांकडच्या आधारापासून पहिली खूण ३.३७ सेंटिमीटरवर, दुसरी ६.५५ वर, पाचवी १५.०५ वर, सातवी १९.९५ वर आणि बारावी बरोबर मध्यावर, ३० वर येते. पडदे न ठोकता पेन्सिलीच्या रेघा आखाव्यात. बोटात गुळगुळीत नळीचा तुकडा घालून तो रेघेच्या नेमका वर तारेला हलकेच टेकवावा.

कंपाची वीज

१८८० साली झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी दाखवून दिले की क्वार्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतदाब निर्माण होतो. बझरमधील पिझो चकतीत याच गुणाचा पदार्थ पितळी पत्र्यावर बसवलेला असतो. तिच्या दोन तारांना एलईडी जोडून अंधारात चकतीवर टिचकी मारावी. क्षणभर उजेड दिसतो. ही चकती झाकणाच्या आतल्या बाजूस, घोडीच्या जवळ चिकटवली की झाकणाचा कंप विजेच्या रूपात मिळतो. पांढऱ्या थरात बहुधा शिसे असते, म्हणून तो खरवडू नये. डाग देताना उष्णताही थोडा वेळच द्यावी.

मात्र चकती सरळ प्रवर्धकाला जोडली तर आवाज बहुधा पत्र्यासारखा किरटा येतो. दोष चकतीत नसतो. २७ मिलिमीटर व्यासाच्या चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड असते. प्रवर्धकाचा प्रवेशरोध १० किलोओहम असेल, तर दोघे मिळून सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे स्वर गाळतात. ९८ हर्ट्झच्या स्वराचा जेमतेम आठवा भाग पुढे जातो. प्रवेशरोध १ मेगाओहम केला की ही मर्यादा ८ हर्ट्झवर उतरते आणि खर्ज पूर्ण मिळतो.

यासाठी बीएफडब्ल्यू १० सारखा एक एफईटी पुरेसा आहे. चकतीची एक तार गेटला व दुसरी ९ व्होल्ट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी. गेट व ऋण टोक यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रोधक, सोर्स व ऋण टोक यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक लावावा. ड्रेन थेट धन टोकाला जाईल. सोर्सपासून १० मायक्रोफॅरडच्या धारित्रातून, त्याची धन बाजू सोर्सकडे ठेवून, आवाज बाहेर घ्यावा. चौथा पाय आवरणाचा. तो ऋण टोकाला जोडावा. गुरगुर टाळण्यासाठी जाळीदार आवरणाची वायर वापरावी. घरच्या विजेवर चालणारा उघडा रेडिओ किंवा प्रवर्धक विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

हे मंडल विद्युतदाब मुळीच वाढवत नाही, उलट किंचित कमीच करते. तरी हरवलेला खर्ज परत येतो. का, हे विद्यार्थ्यांना आधी विचारावे. तारेजवळ ऊर्जा होती, पण ती हवेला देता येत नव्हती. मध्ये पेटी आली. चकतीजवळ स्वर होता, पण प्रवर्धक तिच्याकडे झेपेल त्याहून अधिक प्रवाह मागत होता; मध्ये एफईटी आला. देणारा आणि घेणारा यांची जुळणी करणे, हेच दोघांचे काम. एक सुताराच्या हत्यारांनी होते, दुसरे डाग देण्याच्या कथलाने. वाद्य वाजू लागल्यावर एफईटी काढून आणि पुन्हा जोडून दाखवावा. फरक कानांनाच कळेल.