खडकाची कांडी

चाकणकडे नवा कारखाना उभा राहायचा असला, की आधी माळावर लोखंडी घोडी उभी राहते. यंत्र घरघरू लागते. येणारा-जाणारा विचारतो, "पाणी लागलं का?" पण ही बोअर पाण्यासाठी नसते. पाया कशावर बसणार, ते पाहण्यासाठी असते.

पाण्याच्या बोअरमध्ये खडकाचा भुगा होतो. इथे पोकळ नळी फिरवतात. तिच्या तोंडाला हिऱ्याचे बारीक कण असतात. नळी खडक गोल कापत जाते आणि मधली कांडी नळीत राहते. तोंड तापू नये म्हणून पाणी सोडतात.

मातीची रीत निराळी. ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून टाकतात. नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, ते मोजतात. ठोके थोडे, तर माती कच्ची.

काळा पाषाण लागला म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. तिथेच माणूस फसतो. हा खडक ज्वालामुखीच्या रसाचे थर साचून झाला. दोन थरांमध्ये कधी मऊ लाल थर दडलेला असतो. कोयनेकडे रासाटीला शास्त्रज्ञांनी १,५२२ मीटर खोल बोअर घेतली, तेव्हा हा पाषाण ९३३ मीटरवर संपला!

कारखान्याला एवढे खोल जावे लागत नाही. पण निघालेल्या कांड्या पेटीत ओळीने मांडतात, खोली लिहितात. जिथली कांडी हाती आलीच नाही, तिथे जागा मोकळी सोडतात. आम्ही तर आधी ती मोकळी जागाच बघू. तिथला खडक बहुधा भुसभुशीत असतो.