स्कीइंगला निघालात? नी कॅप गुडघा किती सांभाळेल?

गुलमर्ग किंवा औलीच्या सहलीची बॅग भरताना गुडघेदुखी असलेले अनेक जण मेडिकलमधून नी कॅप घेतात. तिचा उपयोग किती?

स्कीच्या कडक बुटात घोटा जखडलेला असतो. पडताना लांब स्की वळली की पीळ थेट गुडघ्यावर येतो आणि लिगामेंट फाटू शकतं.

नी कॅप : ऊब आणि हलका दाब देते. दुखणं कमी वाटतं. पण पीळ रोखला जात नाही.

हिंज ब्रेस : दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमुळे बाजूच्या लिगामेंटला आधार मिळतो. डॉक्टरांना विचारून, मापाचाच घ्यावा. थर्मलवरून बांधल्यास घसरू शकतो. बुटाची वरची कड त्याला लागत नाही ना, हेही पाहावं.

बाइंडिंग : पडल्यावर बूट स्कीपासून सुटतो तो यामुळे. भाड्यानं स्की घेताना वजन, उंची, वय आणि नवशिके असल्यास तेही खरं सांगावं. त्यावरूनच ते सैल किंवा घट्ट ठेवतात. तरीही गुडघा वाचेलच, याची हमी नाही.

खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. त्यांचा व्यायाम सहलीच्या ६ ते ८ आठवडे आधी सुरू करावा. गुडघा सुजत, अडकत किंवा चालताना अचानक लचकत असेल, तर उतारावर जाण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवावं.