जुन्या जीपचे ब्रेक : सुटे भाग पारखताना

जीपला आपण मोटार समजतो. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या दफ्तरी तिची नोंद 'ट्रक, पाव टन, ४ × ४' अशी होती. युद्धानंतर लष्करी लिलावांतून अशा कितीतरी जीप आपल्याकडे आल्या आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्यांतल्या काही हौशी मंडळींनी आजही जपून ठेवल्या आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या अशा वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियमही केले. इंजीन आणि रंग यांवर मालक हौसेने खर्च करतात. ब्रेकचे सुटे भाग मात्र बहुधा दुकानदार देईल तेच घेतले जातात. त्यांची पारख कशी करावी, हे शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या आधारेही बरेचसे ठरवता येते.

आधी ब्रेकला करावे लागणारे काम पाहू. माणसांसह १५०० किलोग्रॅमची जीप ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १.४५ लाख ज्यूल असते. हीच जीप लोणावळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा सुमारे ५५० मीटर खाली येते आणि तिची स्थितिज ऊर्जा सुमारे ८१ लाख ज्यूलने कमी होते. म्हणजे एकदा थांबवण्याच्या ५६ पट! एवढ्या उष्णतेने २४ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. खालच्या गिअरमध्ये उतरले तर यातला मोठा वाटा इंजीन उचलते. न्यूट्रल टाकून उतरणाऱ्याचा भार जवळजवळ सगळा नऊ इंची ड्रमांवर पडतो.

या उष्णतेचा पहिला मारा लायनरवर होतो. लायनरमधले घटक रेझिनने बांधलेले असतात. ते फार तापले की विघटन पावू लागते, वायू सुटतात आणि घर्षणांक घसरतो. चालकाला पाय तेवढाच दाबूनही गाडी थांबेनाशी वाटते. अमेरिकन पद्धतीच्या लायनरच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर थंड स्थितीतला घर्षणांक सांगते, दुसरे तापलेल्या स्थितीतला. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. 'एफ-ई' असेल तर तापल्यावर पकड कमी होते, हे विकत घेण्यापूर्वीच कळते. अर्थात ही अक्षरे टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाहीत. ड्रम ब्रेकमध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे आणखी आत ओढला जातो. त्यामुळे घर्षणांकातला थोडासा फरकही थांबवणाऱ्या बलात मोठा होऊन दिसतो. म्हणून एका आसाच्या दोन्ही चाकांचे लायनर एकाच वेळी, एकाच बनावटीचे बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. जुने लायनर काढताना त्यांची भुकटी हवेच्या झोताने किंवा फुंकरीने कधीही उडवू नये. ते ॲस्बेस्टॉसचे असण्याची दाट शक्यता असते आणि त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसांचा कर्करोग होतो. भुकटी ओल्या फडक्याने टिपावी.

आता सिलिंडर. युद्धकालीन जीपचा मास्टर सिलिंडर एक इंच व्यासाचा, पुढच्या चाकांचे सिलिंडर एक इंची, तर मागचे पाऊण इंची असतात. समजा, पायाने ३०० न्यूटन बल लावले आणि पेडलच्या तरफेने ते सहापट झाले. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १८०० न्यूटन आले. पास्कलच्या नियमाने द्रवातला दाब सर्वत्र सारखाच. म्हणून पुढच्या प्रत्येक दट्ट्यावरही १८०० न्यूटन, पण मागच्या लहान दट्ट्यावर सुमारे १०१० न्यूटन मिळतात. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि तीच आधी जॅम झाली तर गाडी भिरकांडते. आता दुकानदाराने 'हा पण बसतो' म्हणून मागे सात-अष्टमांश इंची सिलिंडर दिला. वाढ फक्त एक-अष्टमांश इंचाची. पण बल क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला तर ते ३६ टक्क्यांनी वाढलेले दिसेल! व्हर्निअर कॅलिपर घेऊन दुकानात जाणारा गिऱ्हाईक विक्षिप्त वाटेल, वाटू द्यावा. वर्गात हाच नियम दोन वेगळ्या जाडीच्या सिरिंज पाण्याने भरून, नळीने जोडून सुंदर दाखवता येतो.

सर्वांत जास्त घोटाळा रबराच्या भागांत होतो. जुन्या गोदामात पन्नास वर्षे पडून असलेला, मूळ कंपनीच्या खोक्यातला 'कोरा' माल मिळाला की हौशी माणूस हरखतो. त्यातला बिडाचा ड्रम किंवा सिलिंडरचा धातू खरोखरच चांगला असू शकतो. रबराचे कप मात्र न वापरताही कडक होतात, त्यांना सूक्ष्म तडे जातात. खोका जुना असेल तर किट नवे घ्यावे. रबरी होजवरही उत्पादनाची तारीख पाहावी. होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून फुगून वाट अडवतो. मग पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही.

गॅरेजमध्ये ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात ते सहसा तेल नसतेच. डॉट-३ आणि डॉट-४ हे ग्लायकॉलजन्य द्रव आहेत. नावावर विसंबून कोणी त्यात इंजीन ऑइल घातले, तर कप फुगून सिलिंडरमध्ये अडकतात. (सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आठवडाभर डिझेलमध्ये बुडवून मोजला की रबर तेलात कसे फुगते ते मुलांना दिसेल.) ग्लायकॉल हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट-३ चा कोरा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल थेट तळाला जाते. शिवाय महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हेच पाणी सिलिंडरला आतून गंज चढवते. म्हणून द्रव दोनेक वर्षांनी बदलावा आणि उघडा राहिलेला डबा वापरू नये.

धातूच्या नळ्यांसाठी काही कारागीर शीतयंत्राची तांब्याची नळी सुचवतात. ती सहज वाकते हे खरे. पण कंपनांनी तांबे कठीण व ठिसूळ होत जाते आणि जोडाशी चिरते. दुहेरी भिंतीची पोलादी नळी किंवा ब्रेकसाठीच बनवलेली तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी. या जीपमध्ये चारही चाकांना एकच द्रवमार्ग आहे. एक नळी चिरली की चारही ब्रेक एकदम जातात. उरतो तो फक्त मागच्या प्रॉपेलर शाफ्टला धरणारा हँडब्रेक, आणि तोही मुख्यतः उभी गाडी रोखून धरण्यापुरता आहे.