नव्वद दिवसांनंतरचा अर्ज
अमेरिकेत हद्दपारीचा आदेश अंतिम झाला की त्या माणसाच्या हाती एक महत्त्वाचा उपाय उरतो: माझे प्रकरण पुन्हा उघडा, असा अर्ज. १९९६ च्या कायद्याने हा हक्क लिहून दिला, पण अर्ज साधारणपणे एकदाच आणि ९० दिवसांच्या आतच करता येतो. मायदेशातली परिस्थिती पालटल्यामुळे आश्रय मागणाऱ्याला किंवा सुनावणीची नोटीसच न मिळालेल्याला या मुदतीचे बंधन नाही. पण स्वतःच्या वकिलाची हयगय एखाद्याला शंभराव्या दिवशी कळली तर? त्याला उशीर का झाला, हे न्यायालयाने तपासलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण हे खटले चालवणारे इमिग्रेशन न्यायाधीश आणि त्यांच्यावरचे अपील मंडळ न्यायपालिकेचा भाग नाहीत. ते न्याय खात्यात, ॲटर्नी जनरलच्या हाताखाली काम करतात. शिवाय हद्दपारीचा खटला दिवाणी मानला जात असल्याने सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. ज्याला घालवायचे तो एकटा, घालवणारे आणि निवाडा करणारे एकाच सरकारचे. अशा वेळी स्वतंत्र न्यायालयाची नजर हा एकमेव बाहेरचा आधार असतो.

‘माता विरुद्ध लिंच’ खटल्यात वकिलाच्या हयगयीचे नेमके हेच घडले. हद्दपारीचा आदेश झालेल्या माता यांच्या वकिलाने अपिलाची नोटीस दिली, पण लेखी युक्तिवाद दाखलच केला नाही. अपील फेटाळले गेले. नव्या वकिलाने अर्ज केला तोवर शंभरावर दिवस उलटले होते. जुन्या वकिलाच्या चुकीमुळे मुदतीचे घड्याळ थांबले असे धरा, ही माता यांची मागणी. मंडळाने नकार दिला. पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तर हा अर्ज म्हणजे मंडळाने स्वतःहून प्रकरण उघडावे म्हणून त्याच्या मर्जीला घातलेले साकडे ठरवले आणि आपल्याला अधिकारच नाही म्हणून हात झटकले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी हे चूक ठरवले. न्यायमूर्ती केगन यांचा मुद्दा साधा होता: अर्ज उशिराचा असेल तर तसा निकाल द्या, पण उशिराचा आहे म्हणून ऐकण्याचा अधिकारच जातो असे नाही. आपल्याकडे विलंब माफीचा अर्ज फेटाळला जातो तेव्हाही न्यायाधीश निदान कारण वाचतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

यावर आक्षेप असा की खटले कधीतरी संपले पाहिजेत, आणि लांबण लागली की फायदा हद्दपार होणाऱ्याचाच. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच असे म्हटले होते, आणि त्यात तथ्य आहे. पण नुसता अर्ज केल्याने हद्दपारी बहुधा थांबत नाही. त्यासाठी वेगळी स्थगिती लागते. घड्याळ थांबवून घ्यायचे तर आपण सतत पाठपुरावा केला आणि असाधारण अडचण आड आली, हे दाखवावे लागते. हातावर हात ठेवून बसलेल्याला यातून काहीच मिळत नाही. तारखा आणि घटना वादातीत असताना एवढा पाठपुरावा पुरेसा होता का, हा कायद्याचाच प्रश्न आहे, असे २०२० मध्ये ‘ग्युरेरो-लास्प्रिया’ खटल्यात ठरले. त्यामुळे गुन्ह्यांमुळे ज्यांच्या प्रकरणात न्यायालयीन तपासणी मर्यादित आहे, त्यांनाही हा प्रश्न न्यायालयापुढे नेता येतो. मंडळ स्वतःहून प्रकरण उघडायला नकार देते तेव्हा मात्र बहुतेक अपील न्यायालये आजही त्यात पडत नाहीत.