रिकाम्या हातांचे ओझे

दारव्ह्याकडे कापसाची वेचणी आटोपली की मजुरांच्या घरी हात रिकामे होतात. ताप आला तर आपण थर्मामीटर लावतो. पण काम नाही म्हणून तरणा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला, तर त्याला आळशी म्हणतो. शेजारच्या बी.ए. झालेल्या मुलाला आम्हीही तसेच बोललो होतो. त्याची लाज आजही वाटते.

बेकारीने मनावर होणारा परिणाम मोजता येतो. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावची कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी तेथील घरांची पाहणी करून १९३३ साली ती छापली. रस्त्याने जाणारी माणसे किती वेगाने चालतात, कितीदा थांबतात, हेही त्यांनी घड्याळ लावून पाहिले. पुरुष रेंगाळत. बायांना मात्र घरची कामे होतीच, त्यांना थांबायला सवड कुठली! वाचनालयातून पुस्तके नेणे जवळजवळ निम्म्यावर आले होते. वेळ भरपूर होता, पण वाचायला मन नव्हते.

आता नऊ प्रश्नांचा एक तक्ता वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासी, आपण निकामी आहोत असे वाटणे, मरण बरे असा विचार येणे, हे किती दिवस झाले? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा जास्त झाली तर डॉक्टरांना दाखवावे. मरणाचा विचार असेल तर बेरीज करत बसू नये. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर लगेच फोन करावा.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात हाच तक्ता वापरला गेला. उदासीच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी आधी ४.३ टक्केच लोक उपचार घेत. १८ महिन्यांनी २७.२ टक्के घेऊ लागले.

आम्ही त्या मुलाजवळ बसून प्रश्न वाचले. बेरीज १४ आली. त्याला यवतमाळला डॉक्टरांकडे नेले. परतताना तो म्हणाला, “काका, गोळ्या घेतो. पण काम मिळाले का, हे या कागदात कुठेच विचारले नाही.” आम्हाला उत्तर सुचले नाही.

सध्या तो जिनिंगवर हमाली करतो. झोप लागते म्हणतो. पुन्हा बेरीज करू म्हटले, तर म्हणाला, “हंगाम संपल्यावर करा.”